घाट उतरण्याआधी: लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलची घरच्या घरी देखभाल

कोल्हापूरकराला गाडीवर लांब जायचं म्हटलं की घाट चुकत नाही. मालवण, रत्नागिरी, गोवा, कुठेही निघा. गगनबावड्याहून करूळ नाहीतर भुईबावडा, मलकापूरवरून आंबा, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा, आजऱ्याकडून आंबोली, यातला एक तरी जाताना उतरायचा आणि येताना चढायचा. महामार्गावर पुण्याला किंवा बेळगावला जाताना गाडीतला बारीकसारीक दोष खपून जातो. घाटात मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना ब्रेक तापतात, चेनवर ताण येतो, क्लच सारखा दाबावा लागतो. पावसाळ्यात त्यात वरून पाणी आणि खालून लाल चिखल. ज्यांनी नुकतीच फिरायला म्हणून गाडी घेतलीय आणि ज्यांच्या हातात अजून पाना बसलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सर्व्हिसिंग वेळेवर होतं, म्हणून देखभाल झाली असं समजू नका. कंपनीचं सर्व्हिसिंग काही हजार किलोमीटरने येतं. चेन पाचशे किलोमीटरला तेल मागते आणि टायरमधली हवा पंधरा दिवसांत उतरते. लांबच्या प्रवासात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये इंजिन बसलेलं क्वचितच असतं. क्लच केबल तुटलेली असते, बॅटरीचा नट ढिला असतो, चेन उतरलेली असते, कॅरिअरचा बोल्ट गळून गेलेला असतो. यातलं बहुतेक सगळं आठ-दहा दिवस आधी दिसायला लागलेलं असतं. ते बघायची सवय लावणं, एवढंच नव्या माणसाने पहिल्या वर्षात केलं तरी खूप झालं.

सुरुवात गाडीसोबत आलेल्या पुस्तकापासून करा. डिकीत किंवा कपाटात पडलेलं असेल ते काढा. हवा किती, ऑइल कुठल्या ग्रेडचं, चेन किती ढिली, हे आकडे तुमच्या गाडीचे त्यातच मिळतील. मी खाली जे आकडे देतोय ते साधारण आहेत. पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तकाचं ऐका.

पहिलं काम: टायर

हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. पाच-दहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात की टायर तापतो, दाब वाढलेला दिसतो आणि भरणारा हवा कमी करून देतो. म्हणून खिशात मावेल असं स्वतःचं गेज घ्या. पंपावरची मीटरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. तुमचं एकच गेज असलं की निदान मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. एकट्याने जातानाचा दाब वेगळा आणि मागे माणूस व सामान असतानाचा वेगळा. दोन्ही आकडे पुस्तकात असतात, बऱ्याच गाड्यांवर चेन कव्हरजवळ स्टिकरवरही असतात. मागच्या टायरमध्ये ओझ्याला वाढीव हवा हवी. घाटातून भरलेल्या गाडीने मऊ टायरवर वळण घेतलं की मागचं चाक पोहल्यासारखं वाटतं, ते बहुतेक वेळा हवेमुळेच.

मग चाक हळूहळू हाताने फिरवून पूर्ण टायर बघा. खिळा, काच, बाजूला फुगवटा, बारीक चिरा. नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांना टीडब्ल्यूआय म्हणतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात मी तेवढी वाट बघत नाही, ओल्या रस्त्यावर उथळ नक्षी पाणी बाजूला ढकलू शकत नाही. जुनी गाडी घेतली असेल तर टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. २३२४ लिहिलं असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसत असूनही रबर जुनं होऊन कडक झालेलं असू शकतं.

तारांची चाकं असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने एकेका तारेवर हलकी टिचकी मारत जा. घट्ट तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. एखादी ढिली सापडली तर स्वतः पिळत बसू नका, चाक वाकडं होईल. ते काम ओळखीच्या व्हील अलाइनमेंटवाल्याकडे द्या. आणि टायर ट्यूबचा आहे की ट्यूबलेस, हे आत्ताच माहीत करून घ्या. ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप पुरतो. ट्यूबचा असेल तर जादा ट्यूब सोबत असावी. आतल्या गावात पंक्चरवाला सापडेल, तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

चेन: इथे घाई करू नका

नव्या माणसाने एकच गोष्ट नीट शिकायची म्हटली तर मी चेन म्हणेन. रोज डोळ्यांसमोर असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं.

धुण्यासाठी गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवून चेन पुसणारे लोक मी बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. फडकं एकदा चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) मध्ये गेलं की बोट सोडवायला वेळ मिळत नाही. चाक हातानेच फिरवायचं, तेही बोटं स्प्रॉकेटपासून लांब ठेवून.

आजकालच्या बहुतेक मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या आत रबराच्या बारीक ओ-रिंग असतात. आतलं ग्रीस त्या धरून ठेवतात. म्हणून पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने चेन धुवायची नाही. पेट्रोलने रबर खराब होतं, तार त्याला ओरबाडते. रॉकेल किंवा चेन क्लीनरचा स्प्रे वापरा, जुना दातांचा ब्रश घ्या, चारही बाजूंनी घासा, कोरड्या फडक्याने पुसा. ऊस हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर ट्रॉलीतून पडलेलं पाचट आणि शेतातून आलेला काळा चिखल असतो. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली त्याचा तेलाबरोबर गोळा होतो. कव्हरचे बोल्ट सोपे असतील तर ते काढून तो खरवडून टाका. सायलेन्सरच्या आसपास वाळलेलं पाचट अडकलं असेल तर तेही लगेच काढा, तापलेल्या पाइपला चिकटलं की पेट घेऊ शकतं.

तेल लावायची योग्य वेळ म्हणजे फिरून आल्यावर, चेन कोमट असताना. खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने लावायचं, म्हणजे चाक फिरल्यावर ते बाहेरच्या बाजूला पसरतं. ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, स्वस्त पडतं, फक्त ते उडतं. स्प्रे कमी उडतो. काहीही वापरा, लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जादाचं पुसून घ्या. जादाचं तेल मागच्या टायरच्या कडेवर किंवा डिस्कवर जातं आणि ते धोक्याचं आहे. कोरड्या दिवसांत पाचशे किलोमीटरच्या आसपास, पावसात भिजल्यावर मात्र त्याच संध्याकाळी.

आता ढिलाई. खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने चेन खाली ओढा, मग वर ढकला. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. रस्त्याच्या बऱ्याच गाड्यांना ते २५ ते ३५ मिलीमीटरच्या दरम्यान लागतं. उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना यापेक्षा जास्त. मोजताना गाडी मधल्या स्टँडवर हवी की साइड स्टँडवर, हेही पुस्तकात असतं आणि त्याने आकडा बदलतो. एका जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरायचं.

गॅरेजमध्ये “मामा, चेन जरा ओढून द्या” म्हटलं की कधी कधी चेन तारेसारखी ताणून मिळते. ऐकायला छान वाटतं, आवाज बंद होतो. पण तुम्ही मागे माणूस घेऊन बसलात की मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. खड्ड्यात तर ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि मागच्या बेअरिंगला अक्षरशः ओढते. थोडी ढिली चेन आवाज करून सांगते. फार घट्ट चेन गप्प राहून बेअरिंग खाते. म्हणून गॅरेजमधून गाडी घेताना पट्टी लावून बघा, आणि मेकॅनिकला राग येईल म्हणून संकोच करू नका. चांगला मेकॅनिक उलट खूश होतो.

स्वतः ओढायची असेल तर मागच्या एक्सलचा मोठा नट सैल करा, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे लॉकनट सैल करा आणि दोन्ही ॲडजस्टर सारखेच, पाव-पाव फेरा फिरवा. स्विंगआर्मवर दोन्हीकडे खुणा असतात, त्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. एक्सल घट्ट केल्यावर माप पुन्हा घ्या, कारण घट्ट करताना ते बदलतं. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकचा रॉडही पुन्हा जुळवावा लागतो. शेवटी चाक हाताने फिरवून ते मोकळं फिरतंय ना, बघा.

चेन संपली की नाही, हे ओळखणं सोपं आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन लांबली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसत असतील तरी तेच. अशा वेळी फक्त चेन बदलू नका. जुने दात नवी चेन लवकर खातात. पूर्ण सेट घ्या. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. आणि तसं एक लॉक सामानात जादा ठेवा, किरकोळ किमतीची वस्तू आहे.

ब्रेक

मोबाइलची बॅटरी लावून कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या, आत बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅडचं मटेरिअल किती उरलंय ते दिसतं. त्यावर झिजेची खाच असते. खाच पुसली गेली असेल, किंवा जाडी दीड मिलीमीटरच्या आसपास आली असेल, तर घाट उतरायला ते पॅड चालणार नाहीत. एका बाजूचा पॅड जास्त आणि दुसरा कमी झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना अडकल्यात. त्या काढून साफ करून योग्य ग्रीस लावून घ्यावं लागतं. ड्रम ब्रेकला बाहेरच्या पात्यावर बाण आणि खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेच्या पुढे गेला की शू (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे तुकडे) बदला.

ब्रेक ऑइलची डबी हँडलवर असते, मागची सीटच्या किंवा पायाच्या बाजूला. पातळी खालच्या रेषेच्या वर हवी. पातळी कमी दिसली म्हणून लगेच ओतू नका. पॅड झिजतात तशी ती आपोआप उतरते, आधी पॅड बघा. पॅड चांगले आणि तरी ऑइल कमी, तर गळती शोधा. ऑइलचा रंग चहासारखा झाला असेल किंवा दोन वर्षं झाली असतील तर बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीची कमी नाही. ओल शिरलेलं ऑइल लांब उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. तुम्ही लिव्हर दाबता, ती हँडलपर्यंत येते, गाडी थांबत नाही. करूळ घाटाच्या मधल्या वळणावर हे समजून उपयोग नाही. डबीच्या झाकणावर डॉट ४ की काय लिहिलंय ते वाचून, सीलबंद बाटलीतलंच ऑइल वापरा. रंगावर सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा. एबीएसच्या गाडीचं ऑइल बदलायचं काम सुरुवातीला वर्कशॉपकडेच द्या.

पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर आणि पॅडल पाच-सहा वेळा दाबा. पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, कारण कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकललेले असतात. गॅरेजच्या दारातच धडकलेल्या गाड्या यामुळेच असतात.

आणि घाट उतरताना गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची, पेट्रोल वाचवायचं, ही सवय आपल्याकडे अजून आहे. ती सोडा. गिअरमध्ये उतरताना इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद असताना उतारावर पेट्रोलचा पुरवठा तसाही तोडलेला असतो, म्हणजे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही.

ऑइल, फिल्टर, पेट्रोल

गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, तेवढीच मिनिटं थांबा, मग काचेतून किंवा डिपस्टिकवर पातळी बघा. डिपस्टिक आटे लावून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं आहे. जास्त ऑइल भरणंही कमी भरण्याइतकंच वाईट. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, गाडी चालवू नका.

मोटरसायकलसाठी बनलेलंच ऑइल घ्या. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारसाठीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. आणि मोठी ट्रिप ऑइल बदलायच्या तारखेच्या पलीकडे जाणार असेल तर निघण्याआधीच बदला. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर सोबत बदलायचा. ड्रेन बोल्ट ताकद लावून पिळू नका, अल्युमिनिअमचे आटे जातात. आधीच गेले असतील तर शिवाजी उद्यमनगरात नवे आटे पाडून मिळतील. कोल्हापूरचा हा मोठा फायदा आहे: लेथ, वेल्डिंग, कॅरिअरच्या पट्ट्या, वाकलेला स्टँड, सगळं इथे होतं. घाट उतरल्यावर असं काम करणारा शोधत फिरावं लागेल, म्हणून शंका असलेलं प्रत्येक काम इथूनच करून निघा.

काढलेलं काळं ऑइल गटारीत सोडू नका. आपली गटारं जयंती नाल्याला आणि तो पंचगंगेला मिळतो. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, जुनं ऑइल गोळा करणारे तिथून नेतात.

एअर फिल्टर कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलकेच झटकायचा, भरला असेल तर बदलायचा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवायचा. ऊस वाहतुकीच्या कच्च्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांनी पुस्तकातल्या मुदतीआधीच तो उघडून बघावा.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओलसर हवा साठायला नको. टाकीच्या झाकणाभोवतीच्या वाटीत पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पावसाचं पाणी साचतं आणि झाकण उघडताना थेट टाकीत जातं. बारीक तार घालून ते मोकळं ठेवा.

केबल, बॅटरी, दिवे

क्लच केबल तुटण्याआधी तिची एक-एक तार सुटते. लिव्हरपाशी रबर मागे सारून केबलच्या टोकाला बघा. फुललेली तार दिसली तर केबल त्याच दिवशी बदला. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलीमीटर मोकळी हालचाल हवी. अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घाट चढताना प्लेटा जळतात. जुन्या फिरस्त्यांची एक युक्ती अजूनही उत्तम आहे: नवी केबल जुन्या केबलच्या बाजूने, त्याच मार्गाने बांधून ठेवायची, दोन्ही टोकं टेपने बंद करून. जुनी तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत नवी जोडता येते.

बॅटरीचे दोन्ही नट हाताने हलवून बघा. पांढरी भुकटी जमली असेल तर गरम पाण्याने साफ करून, वाळवून, पेट्रोलिअम जेली लावा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. साधा मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसायला हवं. बऱ्याच नव्या गाड्यांना किक नसते, त्यामुळे बॅटरी गेली की गाडी उभीच. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. मोठा फ्यूज किंवा तार घातली की वायरिंग जळतं. जादा दिवे लावलेत तर रिले (दिव्यांचा करंट वेगळ्या वाटेने नेणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज असल्याशिवाय वापरू नका.

हेडलाइटबद्दल थोडं जास्त सांगतो. मागे सामान लादलं की गाडीचं तोंड वर होतं आणि उजेड रस्ता सोडून झाडांवर पडतो. समोरचाही दिपतो. हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात आणि तुम्हाला त्यांचा नुसता काळा आकार दिसतो. सामान बांधून, बसून, भिंतीसमोर उजेडाची उंची बघा आणि ती खाली आणा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) ओझ्याप्रमाणे वाढवला की हा त्रास निम्मा होतो.

नटबोल्ट आणि सामान

पुढचं चाक अधांतरी करून हँडल डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, गेला. चाक वर-खाली धरून हलवा, खडखड वाटली तर बेअरिंग. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं कडं दिसलं तर सील गळतंय. ही तिन्ही कामं मेकॅनिकची, ओळखणं तुमचं.

कॅरिअर, क्रॅश गार्ड, सायलेन्सर, नंबरप्लेट, आरसे, सगळे बोल्ट एकदा घट्ट करून प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी पट्टीवर. पुढे रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना लावायची गरजच नाही. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर. पट्ट्यांची टोकं बांधून टाका, लोंबती पट्टी मागच्या चाकात गेली तर चाक जागीच अडकतं.

गाडीसोबत आलेल्या पान्यांनी मागच्या एक्सलचा नट सुटतो का, हे घरच्या अंगणात बघा. बऱ्याचदा तो पाना त्यात नसतो, किंवा गॅरेजने मशीनने एवढा आवळलेला असतो की हाताने हलत नाही. लागणारे पाने, एलन की, पक्कड, प्लगचा पाना, केबल टाय, टेप, फ्यूज, चेनचं लॉक, हातमोजे. याच्या पुढे हत्यारांचं ओझं नव्या माणसाने वाहू नये.

पन्हाळ्यापर्यंत एक चाचणी

सगळं झालं की लगेच कोकणात निघू नका. प्रवासाला बांधणार तेवढंच सामान बांधा, मागे जो बसणार त्याला बसवा आणि पन्हाळ्याला जाऊन या. जेमतेम २० किलोमीटर, वाघबीळपासून चढ, आणि घर जवळ. चढताना क्लच घसरतोय का, म्हणजे इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, याकडे लक्ष द्या. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक थोडा दाबून, सोडून. खाली आल्यावर सपाट रस्त्याला ब्रेक न वापरता थोडं अंतर जा, थांबा आणि तळहात दोन्ही चाकांच्या जवळ न्या. डिस्कला हात लावायचा नाही, भाजतो. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा खूप जास्त असेल तर तो ब्रेक अडकून राहतोय. मग गाडीखाली वाकून नवे थेंब, रंगाच्या रेघा, पट्ट्या, चेन. चेनची ढिलाई दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

प्रवासात रोज सकाळी किल्ली लावण्याआधी एक फेरी: गाडी रात्री उभी होती तिथे जमिनीवर डाग, दोन्ही टायर, चेन, ब्रेकच्या लिव्हरचा दाब, सगळे दिवे, सामान. चहा येईपर्यंत होतं.

कोकणातून परत आल्यावर गाडी तशीच ठेवू नका. खारी हवा आणि लाल चिखल दोन्ही लोखंड खातात. वॉशिंग सेंटरवर धुवायची असेल तर जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर, हँडलच्या बटणांवर आणि रेडिएटरवर मारू नका, असं आधीच सांगा. धुतल्यावर दोन-चार किलोमीटर हळू चालवून ब्रेक वाळवा, मगच चेनला तेल.

पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल, जसं २०१९ आणि २०२१ साली शहरात अनेकांच्या गाड्यांचं झालं, तर सेल्फ मारून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्लीही लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, फोटो काढून विमा कंपनीला कळवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्या. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, टाकी, ब्रेक, बेअरिंग, सगळं उघडून साफ झाल्यावरच ती सुरू करायची.

एक छोटी वही सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. तारीख, मीटरचा आकडा आणि काय केलं, एवढंच लिहा: ऑइल, चेन ओढली, पॅड, ब्रेक ऑइल. चेन आधी हजार किलोमीटरने ओढावी लागायची आणि आता तीनशेने लागते, हे वहीत दिसलं की सेट कधी घ्यायचा ते तुम्हाला गॅरेजला विचारावं लागत नाही.